जेवणाच्या टेबलावर सापडलेला रक्ताच्या कॅन्सरचा धागा

रक्ताचा कॅन्सर! हे दोन शब्द घरात उच्चारले गेले की चुलीवरचे चुलीवर राहते. शेजारी दबक्या आवाजात विचारतात, "लागट तर नाही ना हो?" आत्याबाई आठवू लागतात, घराण्यात पूर्वी कुणाला होता का. कुणी थोरली बाई कोपऱ्यात नेऊन सांगते, "बाहेर बोलू नका, पोरीच्या सोयरिकीला आडवे येईल." गंडेदोरे आणि अंगारे-धुपारे सोडून आपल्याला कितीतरी वर्षे झाली, पण असा आजार दारात आला की सोडलेले सारे मागच्या दाराने परत आत शिरू पाहते. कुणाची नजर लागली, कुणी काय केले, मागचे काय भोगायचे राहिले, अशी कुजबुज आम्ही चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांतूनही ऐकली आहे.

भीती वाटणे स्वाभाविक आहे. या आजाराने माणसे जातात हे खरेच आहे. परंतु ज्या आजाराबद्दल आपण इतके कुजबुजतो, त्यातल्या एका प्रकाराचे मूळ शास्त्रज्ञांनी अगदी बोट ठेवून दाखविले आहे. ते ना नशिबात आहे, ना घराण्यात, ना कुणाच्या नजरेत. ते आहे शरीरातल्या एका पेशीत झालेल्या एका अदलाबदलीत. ही अदलाबदल प्रथम ज्यांच्या ध्यानात आली त्या अमेरिकेतील शिकागो शहराच्या एक डॉक्टरबाई होत्या. चार मुलांच्या आई, आठवड्यातून तीनच दिवस कामावर जाणाऱ्या. त्यांचे नाव डॉ. जॅनेट राउली. आजच्या अंकात वाचक बंधू-भगिनींना आम्ही या बाईंची, त्यांच्या शोधाची आणि त्या शोधातून निघालेल्या गोळीची हकीकत सांगणार आहोत. या गोळीचा शेवटचा झगडा थेट आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झाला आणि त्यात मुंबईच्या एका संस्थेचाही वाटा आहे. म्हणून ही गोष्ट वाटते तितकी परक्या मुलखातली नाही.

तीनच जागा

जॅनेट यांचा जन्म ५ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आई शाळेत शिकवीत असे. मुलगी हुशार, म्हणून पंधराव्या वर्षीच शिष्यवृत्ती मिळवून ती शिकागो विद्यापीठात दाखल झाली. पुढे डॉक्टर व्हायचे ठरले. अर्ज केला, पात्रताही होती. पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी जागा होत्या फक्त तीन, आणि त्या त्या वर्षी भरून गेल्या होत्या. बाईंना नऊ महिने थांबावे लागले.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. राखीव जागा म्हटले की आपल्याकडे काहींच्या कपाळाला लगेच आठ्या पडतात. पण या तीन जागा वेगळ्या जातीच्या होत्या. ज्यांना आजवर आत घेतले नाही त्यांच्यासाठी उघडलेला तो दरवाजा नव्हता. "तीनच्या वर बायका नकोत" म्हणून घातलेले ते कुंपण होते. दोहोंतला फरक आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

१९४८ साली त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड राउली या सहाध्यायी डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला. मग मुले झाली. एकामागून एक चार मुलगे. धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत बाईंनी पूर्णवेळ नोकरी केली नाही. आठवड्यातून तीन दिवस त्या मतिमंद मुलांसाठी चालविलेल्या एका दवाखान्यात जात. तिथे डाउन सिंड्रोमची मुले येत. १९५९ साली पॅरिसमध्ये शोध लागला की या मुलांच्या पेशीत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. ही बातमी बाईंच्या मनात घर करून राहिली.

गुणसूत्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत धाग्यांच्या २३ जोड्या असतात. एकूण ४६ धागे. निम्मे आईकडचे, निम्मे वडिलांकडचे. पेशीने केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, काय तयार करायचे, याच्या सगळ्या सूचना या धाग्यांवर लिहिलेल्या असतात. एकेका सूचनेला जनुक म्हणतात. माणसाच्या पेशीत हे धागे नेमके ४६ आहेत हे देखील जगाला १९५६ साली कळले. त्याआधी ४८ मानीत असत! तेव्हा राउलीबाई ज्या काळात या वाटेला लागल्या, त्या काळात हे शास्त्र रांगतच होते.

१९६१ साली पतीला वर्षभरासाठी इंग्लंडात ऑक्सफर्डला जायचे होते. बाई मुलांना घेऊन बरोबर गेल्या, पण नुसत्या बसून राहिल्या नाहीत. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी गुणसूत्रे पाहण्याची विद्या शिकून घेतली. शिकागोला परतल्यावर त्या आपल्या जुन्या प्राध्यापकांना, डॉ. लिओन जेकबसन यांना भेटल्या. मागणे काय मागावे? एक सूक्ष्मदर्शक, फोटो धुण्यासाठी एक अंधारखोली आणि वर्षाला ५,००० डॉलर पगार, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे भागतील. जेकबसन यांनी ते मान्य केले. अनुभव नाही, नाव नाही, अर्धवेळ काम मागणारी चार मुलांची आई. तिच्या हाती त्यांनी सूक्ष्मदर्शक दिला. या गृहस्थांचे कौतुक करावे तितके थोडे आहे.

हरवलेला तुकडा

आता आजाराकडे वळू. रक्ताचा कॅन्सर हा एक आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा असे त्याचे मोठे भाग आणि त्यांचे पुन्हा पोटभाग. त्यांपैकी एकाचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर त्याला सी.एम.एल. म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका थेंबाच्या अगदी सूक्ष्म मापात, म्हणजे एका घन मिलिमीटरात, पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. या आजारात त्या लाखाच्या वर जातात. १८४५ साली एडिंबरो आणि बर्लिन येथील डॉक्टरांनी असे रक्त प्रथम नोंदविले. ल्युकेमिया या शब्दाचा अर्थच मुळी 'पांढरे रक्त' असा आहे. रोगी थकतो, वजन उतरते, रात्री घाम येतो, डाव्या बरगडीखाली पानथरी वाढून पोट जड लागते. काहींना तर काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले आणि आकडा पाहून डॉक्टर दचकले, असे होते. पूर्वी हा आजार तीन-चार, फार तर पाच वर्षे सावकाश चाले आणि मग एकदम उसळून माणसाला घेऊन जाई. पाश्चात्त्य देशांत हा बहुधा साठीच्या आसपास होतो, आपल्याकडे मात्र तिशी-चाळिशीत, कर्त्या वयात गाठतो.

१९६० साली अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघा संशोधकांना सी.एम.एल.च्या रोग्यांच्या पेशींत एक विचित्र गोष्ट दिसली. नॉवेल यांनी काचेवरच्या पेशी नळाच्या साध्या पाण्याने धुतल्या. पेशी पाण्याने फुगल्या आणि आतली गुणसूत्रे मोकळी होऊन नीट दिसू लागली. पाहतात तो एक गुणसूत्र नेहमीपेक्षा फारच आखूड! एका रोग्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, सगळ्यांत तेच. ज्या शहरात ते दिसले त्याचेच नाव त्याला मिळाले: फिलाडेल्फिया गुणसूत्र.

पण त्याचा अर्थ काय? बहुतेकांनी समजूत करून घेतली की गुणसूत्राचा तुकडा गळून पडला असावा. शिवाय त्या काळी जाणत्यांचे मत असे होते की कॅन्सरच्या पेशीत सगळाच विस्कोट झालेला असतो. तुटकी गुणसूत्रे हा रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे. घर कोसळल्यावर कौले फुटतात, म्हणून कौले फुटल्यामुळे घर कोसळले असे कुणी म्हणते का? असा तो युक्तिवाद. वरवर पाहता बिनतोड वाटतो.

राउलीबाईंनी त्याला उत्तर दिले ते भाषणाने नव्हे, कात्रीने. १९७०-७१ मध्ये त्या पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या तेव्हा एक नवी रीत त्यांनी शिकून घेतली होती. मलेरियाच्या औषधाशी नाते असलेले क्विनाक्रिन नावाचे द्रव्य गुणसूत्रांना लावले की विशिष्ट उजेडात त्यांवर फिके-गडद पट्टे उमटतात. नऊवारीच्या ढिगातून आपले लुगडे बाई काठावरून ओळखते, तसे मग प्रत्येक गुणसूत्र आपल्या पट्ट्यांवरून ओळखू येते. एवढेच नव्हे, तर एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असेल तर तेही कळते.

घरी असतील त्या दिवशी बाई या पेशींचे फोटो घेऊन जेवणाच्या टेबलावर बसत. एकेक गुणसूत्र कापून काढायचे आणि जोड्या लावायच्या. मुलांना दम भरलेला: शिंकायचे नाही! मुले आईची थट्टा करीत, की आमच्या आईला कागदाच्या बाहुल्या खेळायचा पगार मिळतो. १९७२ साली या बाहुल्यांनी तोंड उघडले. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांत बाईंना दिसले की आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांशी बदलले आहेत. हा लेख अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने साभार परत केला. बाईंनी तो फ्रान्समधल्या एका लहान नियतकालिकात छापून आणला आणि पुढच्या कामाला लागल्या.

पुढचे काम म्हणजे सी.एम.एल. आखूड झालेले गुणसूत्र बाविसावे. पण टेबलावर जोड्या लावताना बाईंची नजर नवव्यावर अडली. जोडीतल्या एका नवव्याच्या टोकाला काहीतरी जास्तीचे चिकटलेले आहे. मापून पाहिले तर जेवढे बाविसाव्यातून कमी, जवळपास तेवढेच नवव्यावर जास्त! तुकडा गळालेला नव्हताच, तो शेजाऱ्याकडे गेला होता. एका रोग्यात योगायोग म्हणता येईल. पण रोगी बदलले तरी तीच दोन गुणसूत्रे, तीच अदलाबदल. आणि त्याच रोग्यांच्या इतर निरोगी पेशींत मात्र गुणसूत्रे धडधाकट. जून १९७३ मध्ये 'नेचर' या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

पुढे १९७७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी अदलाबदल दाखविली. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या फार झपाट्याने मारणाऱ्या प्रकारात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची. प्रत्येक रोगाला त्याची ठराविक अदलाबदल. आता याला विस्कोट म्हणणार कसे? कौले फुटली तर ती कशीही फुटतात. प्रत्येक कोसळलेल्या घरात नेमकी तीच दोन कौले जागा बदलून बसलेली दिसली, तर तिथेच काही कारण आहे असे म्हणावे लागते. तरीही पटायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली. बाई शांतपणे फोटो कापीत राहिल्या आणि सायकलवरून प्रयोगशाळेत जात राहिल्या.

अडकलेले बटण

त्या अदलाबदलीने होते तरी काय, याचे उत्तर दुसऱ्या लोकांनी काढले. १९८० नंतरच्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेतील संशोधकांनी त्या तुकड्यांवरची जनुके शोधली. नवव्या गुणसूत्रावर ए.बी.एल. नावाचे जनुक असते. ते पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारे एक प्रथिन तयार करते. एरवी ते प्रथिन ताब्यात असते. गरज असेल तेव्हा चालू, नसेल तेव्हा बंद. अदलाबदल होताना हे जनुक बाविसाव्यावरच्या बी.सी.आर. नावाच्या जनुकाला जाऊन चिकटते. दोन वाक्ये अर्धी अर्धी तोडून जोडावीत तसे एक नवेच, निसर्गाने कधी न लिहिलेले जोडवाक्य तयार होते: बी.सी.आर.-ए.बी.एल.

चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी भरली की पंपाचे बटण बंद करायचे असते. पण बटणच अडकून बसले तर? पाणी चढतच राहते, टाकी ओसंडते, जिना भिजतो, भिंती फुगतात. जोडजनुकापासून होणारे प्रथिन म्हणजे असे अडकलेले बटण. हाडांच्या मगजातील एका पेशीत ते अडकले की ती पेशी वाढतच सुटते, तिच्या लेकी वाढतात, नाती वाढतात, आणि त्या प्रत्येकीत ते अडकलेले बटण वारशाने जाते. १९९० साली उंदरांच्या मगजात हे जोडजनुक घातले तर उंदरांना सी.एम.एल.सारखाच आजार झाला. कारण की परिणाम, हा वाद तिथे संपला.

आता घरगुती प्रश्नाकडे येऊ, कारण सोयरिकीची काळजी असणाऱ्यांना ते अधिक महत्त्वाचे. ही अदलाबदल आईबापांकडून येत नाही. ती जन्मानंतर, मगजातल्या एका पेशीत होते. बीजात नसते, म्हणून मुलाबाळांत उतरत नाही. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला हा आजार झालेला आणि दुसऱ्यात फिलाडेल्फिया गुणसूत्राचा मागमूस नाही, असे आढळले आहे. तो शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. हिरोशिमावर १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडल्यानंतर तिथल्या वाचलेल्या माणसांत या आजाराचे प्रमाण वाढले, म्हणजे जबर किरणोत्सर्ग हे एक कारण नक्की. बहुतेक रोग्यांच्या बाबतीत मात्र रोग्याने किंवा त्याच्या घरच्यांनी काही 'केले' म्हणून तो झाला, असे दाखविता येत नाही. तेव्हा ज्या घरात हा आजार आहे त्या घरच्या मुलीला नकार देणाऱ्यांनी कारण तरी दुसरे शोधावे.

गोळी आणि तिची किंमत

बटण अडकले आहे हे कळल्यावर ते दाबून बंद करणारे काही सापडेल का? स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीतील निक लायडन आणि त्यांचे सहकारी असे रसायन शोधीत होते, आणि अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील डॉ. ब्रायन ड्रुकर यांना सी.एम.एल.वर ते वापरून पाहायचे होते. त्या प्रथिनाला काम करण्यासाठी पेशीतले इंधन लागते. इंधन बसण्याची एक खोबण त्याच्या अंगात असते. रसायन बरोबर त्या खोबणीत जाऊन बसते आणि इंधनाची वाट बंद करते. १९९६ साली ड्रुकर यांनी दाखविले की प्रयोगशाळेत रोगट पेशी याने मरतात आणि चांगल्या पेशी टिकतात. जुनी औषधे सगळ्याच वाढत्या पेशी झोडपून काढीत. हे औषध नेमके दोषी बटण शोधीत होते. याचे नाव इमॅटिनिब. पुढे ग्लिवेक या नावाने ते बाजारात आले.

कंपनीला मात्र घाई नव्हती. रोगी थोडे, खर्च मोठा. शेवटी जून १९९८ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. ज्यांना जुन्या औषधांचा उपयोग राहिला नव्हता, असे हे रोगी. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. ५४ पैकी ५३! कॅन्सरच्या इतिहासात असे आकडे वाचायला मिळत नसत. बातमी पसरली तशी रोग्यांनी गोळ्यांची मागणी केली, पण कंपनीकडे पुरेसा साठाच नव्हता. तेव्हा कॅनडातील एका रोगी तरुणीने तीन हजारांहून अधिक सह्या गोळा करून कंपनीच्या प्रमुखांना अर्ज पाठविला आणि उत्पादन वाढले. १० मे २००१ रोजी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. संघटित झाल्याशिवाय औषधसुद्धा वेळेवर मिळत नाही, असे दिसते.

आता भारतातली बाजू. नोव्हार्टिस या कंपनीच्या (सिबा-गायगी तोवर तिच्यात विलीन झाली होती) गोळ्यांचा महिन्याचा खर्च आपल्याकडे सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्या तेच औषध महिना ८ ते १० हजारांत देत होत्या. औषध रोज घ्यायचे, वर्षानुवर्षे घ्यायचे. गिरणीतून कमी झालेल्या, पालिकेत झाडू मारणाऱ्या, शेतावर रोजंदारी करणाऱ्या माणसाने लाख रुपये महिना कुठून आणायचे? कंपनी हजारो रोग्यांना हे औषध मोफतही देत होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण दान आणि हक्क यांत फरक असतो. देणाऱ्याची मर्जी बदलली तर घेणाऱ्याने कुणाकडे पाहायचे?

कंपनीने १९९८ साली चेन्नईत पेटंटसाठी अर्ज केला होता तो मूळ इमॅटिनिबसाठी नव्हे, तर त्याच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी. पेटंट मिळाले असते तर स्वस्त गोळ्या बंद पडल्या असत्या. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या १९६९ पासून काम करणाऱ्या संस्थेने त्याला विरोध केला. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ (ड) असे सांगते की जुन्याच औषधाचे नवे रूप केवळ नवे आहे म्हणून पेटंटला पात्र ठरत नाही. त्याने रोगावर अधिक गुण येतो हे दाखवावे लागते. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने कलमालाच आव्हान दिले, ते मद्रास उच्च न्यायालयाने २००७ साली नाकारले. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. परळला टाटा रुग्णालयाच्या आजूबाजूच्या फुटपाथांवर गाठोडी घेऊन मुक्काम करणाऱ्या माणसांना कलम ३ (ड) माहीत नसेल. पण त्यांच्या औषधाच्या पिशवीत ते कलम आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

त्याच २०१३ सालच्या १७ डिसेंबरला राउलीबाई वयाच्या ८८ व्या वर्षी वारल्या. १९९८ साली त्यांना मानाचा लास्कर पुरस्कार नॉवेल आणि आल्फ्रेड नडसन यांच्याबरोबर मिळाला आणि २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला. नोबेल मिळाले नाही. मिळायला हवे होते असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांनी दाखविलेल्या १५-१७ च्या आजारावरही पुढे चीनमधील डॉक्टरांनी जीवनसत्त्व 'अ'च्या कुळातले औषध आणि सोमलापासून केलेले औषध वापरून दाखविले आणि एके काळी दिवसांत मारणारा तो आजार आज बहुतांशी बरा होतो. सगळ्याच रक्ताच्या कॅन्सरांबाबत मात्र असे झालेले नाही. कित्येक प्रकारांत एक बटण नसते, दहा असतात, आणि त्यांवर काम चालू आहे. एकाच्या यशावरून दुसऱ्याला खोटी आशा लावणे बरे नव्हे.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी

आज सी.एम.एल. वेळेवर ओळखला गेला आणि औषध नीट घेतले तर रोगी जवळपास इतरांइतके आयुष्य जगू शकतो. या वाक्यातील 'नीट' या शब्दाकडे लक्ष द्या. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रोग्यांच्या औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत एक बारीक यंत्र बसवून झाकण केव्हा उघडले हे मोजले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहापैकी नऊहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यात आजार अगदी खोलवर दबण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के; ज्यांनी त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात सुमारे २८ टक्के. म्हणजे महिन्यातून तीन-चार गोळ्या चुकल्या की इतका फरक! आणि गोळी का चुकते? गावाला लग्नाला गेलो, पैसे नव्हते, आता बरे वाटते मग कशाला, ही आपली नेहमीची कारणे. बरे वाटते ते गोळीमुळे वाटते. बटण दाबून धरलेले आहे, दुरुस्त झालेले नाही. काही थोड्या रोग्यांची गोळी पुढे कित्येक वर्षांनी थांबविता येते, पण ते वारंवार तपासण्या करून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

गोळी जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात, मळमळते. यासाठी स्वतःच्या मनाने औषध बंद न करता डॉक्टरांना सांगावे. वैदूची जडीबुटी किंवा दुसरे कुठलेही औषध चालू असेल तर तेही लपवू नये, कारण काही औषधांचे एकमेकांशी जमत नाही. गरोदरपणात ही गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. म्हणून तरुण भगिनींनी मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवस गेल्यावर नव्हे. मूल होणारच नाही असा याचा अर्थ नाही, फक्त ते ठरवून, देखरेखीखाली व्हायला हवे. इमॅटिनिबचा गुण येईनासा झाला तर दुसऱ्या गोळ्या आहेत. पैशाची अडचण असेल तर सरकारी किंवा धर्मादाय कॅन्सर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून कोणत्या योजनेत आपले औषध आणि तपासणी बसते ते विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

सुरुवातीला दर तीन महिन्यांनी पी.सी.आर. नावाची रक्ततपासणी असते. राउलीबाईंनी टेबलावर ताडलेली अदलाबदल किती पेशींत शिल्लक आहे, ते ती मोजते. रिपोर्टावर इंग्रजीत बी.सी.आर.-ए.बी.एल. अशी अक्षरे आणि पुढे टक्केवारी असते. ती तिमाहीगणिक उतरायला हवी. घरात दहावी-बारावीला असलेल्या मुलाने किंवा मुलीने एका वहीत तारीख टाकून तो आकडा लिहून ठेवावा आणि दर वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत द्यावी.